उशी कुणी धरली

सिलोम, बँकॉक
१६ जुलै

भन्ते खामपन यांच्या चरणी,

गुडघे टेकून, कपाळ तीनदा जमिनीला लावून वंदन. खरं तर मी शिलाई मशीनपाशी बसलोय आणि कपाळ कुठेच लावलेलं नाही. पण नोईताई म्हणाली, भिक्षूला पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करायची, नाहीतर लिहिणाऱ्याला पाप लागतं. वीस वर्षं स्टेजवर उंच टाचांनी नाचताना दिवसातून दोनदा दाढी करणाऱ्या नोईताईला धर्मातलं एवढं कळतं, तर मी कोण वाद घालणार?

आपली प्रकृती उत्तम असावी. विहारात पहाटे चारला उठावं लागतं असं ऐकतो. सतरा वर्षं मी आपल्याला दुपारी बाराला तीन-तीन हाका मारून उठवत आलो, त्यामुळे हा चमत्कार पाहायला मला आवडलं असतं. दुपारनंतर आपण जेवतही नाही म्हणे. इकडे बारच्या दारावर उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारून घरी आलात की पहिला प्रश्न असायचा, जेवायला काय आहे?

जाऊ दे. हे 'आपण' माझ्याच्यानं होत नाही. तुझ्या पायाची नखं मी कापलीयत, खामपन.

विचारायचं एवढंच होतं, की उशी कशी आहे. मान अवघडत नाही ना? वरचं कापड नवीन असलं तरी आत सावरीचा कापूस जुनाच आहे, आपल्या दोन्ही उशांतला. ऊन दाखवून, हाताने पिंजून भरलाय. तुला नव्या उशीवर झोप लागत नाही, म्हणून.

मे महिन्यात तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "आई मागे लागलीय, यंदाचा वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, तरी भिक्षूच्या चीवरात काढ म्हणते. उशी तू शिवशील ना?" मी हो म्हणालो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. तुला वाटलं असेल, मी कपडे धुतोय. अरे, मिरवणुकीत चीवर आई धरते, भिक्षापात्र बाप धरतो आणि उशी धरते ती होणारी बायको. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलाने आधी थोडे दिवस चीवर घालायचं, मग लग्न, हेही ठाऊक असतं. जानेवारीत आपल्यासारख्यांच्या लग्नाचा कायदा लागू झाला, तेव्हा बांगराकच्या कचेरीतून नोंदणीचा फॉर्म तूच आणलास आणि फ्रिजवर चिकटवलास. मग मी काय समजायचं होतं?

तुझ्या गावी पोचलो तेव्हा उशी माझ्या मांडीवर होती. बसमध्ये नऊ तास मी ती खाली ठेवली नव्हती. तुझी आई पुढे आली, उशी घेतली, वास घेतला, म्हणाली, "सुरेख शिवलीस हो." आणि मागे उभ्या असलेल्या, गावच्या शाळेत शिकवणाऱ्या विलैबाईंच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नोप, तू उंच आहेस, छत्री तू धर." मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोक्याचा गोटा करून, पांढरं नेसून बसला होतास, आणि तू चपलांकडे पाहिलंस.

मी छत्री धरली. देवळाभोवती तीन फेऱ्या. ढोल वाजतायत, तुझ्या मावश्या नाचतायत, मी तुझ्या डोक्यावर सावली धरलीय आणि मागून एक शाळेतली बाई माझी उशी घेऊन चाललीय. हात दुखले, पण छत्री हलू दिली नाही. कामात हयगय करायची मला सवय नाही.

आत तुला प्रश्न विचारले ते आम्हाला बाहेर कर्ण्यावर ऐकू येत होते. तू माणूस आहेस का? होय भन्ते. पुरुष आहेस का? होय भन्ते. आईबापाची परवानगी आहे का? होय भन्ते. मी वाट पाहत होतो, की आणखी कुणाची परवानगी विचारतायत का. अडीच हजार वर्षांत कुणाला तो प्रश्न सुचलेला नाही.

मान दुखली तर कळव.

नोप


१२ ऑगस्ट

भन्ते,

तुझं उत्तर नाही. वर्षावासात पत्र लिहायला बंदी नसते, मी चौकशी केलीय.

आज मातृदिन. दुपारपासून सगळी गल्ली मोगऱ्याचे हार घेऊन आपापल्या आयांना फोन लावत बसली होती. ज्यांना आयांनी घराबाहेर काढलं, तेच सगळ्यात जास्त रडत होते. मीही तुझ्या आईला फोन केला. उचलला नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. इकडे मी सगळ्यांना सांगितलंय, की उशी मी धरली.

काय करणार होतो? निघताना अर्ध्या गल्लीने मला बसपर्यंत पोचवलं होतं. विगवाल्या तोंगने माझे केस बसवले होते. नोईताईने दुकानापुढे उभं करून उशी छातीशी धरलेला फोटो काढला होता. परत आलो तर तिने तो फ्रेम करून तिच्या पेजेच्या दुकानात गल्ल्यामागे लावलेला, वर झेंडूचा हार. मला म्हणाली, "ये गं सूनबाई. सासूने नीट वागवलं ना?" बाकीचे वाट्या वाजवायला लागले. मी म्हणालो, "सासू गळ्यात पडून रडली." एकदा म्हटलं, मग रोज नवं सुचत गेलं. आता गोष्ट इथवर आलीय, की तिसऱ्या फेरीला पाऊस आला आणि मी उशी सदऱ्यात घेऊन कोरडी ठेवली. लोक मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. नव्याने येणाऱ्या पोरांना तर मी एक आशास्थान झालोय. मला माझी शिसारी येते, आणि तरी मी सांगतो.

तुझ्या जागी बारच्या दारावर आता चुंफोनकडून आलेला एक दात किडलेला माणूस उभा असतो. तो "या ना साहेब" म्हणतो तेव्हा साहेब रस्ता ओलांडून पलीकडे जातात. तू म्हणायचास तेव्हा मीसुद्धा आत जायचो, आणि मी तर दारू पीत नाही.

फॉर्म अजून फ्रिजवर आहे. चुंबक पडलं होतं, पुन्हा लावलं.

नोप


२१ सप्टेंबर

खामपन,

काल विलैबाई आल्या होत्या.

दुपारी तीनची वेळ. गल्लीत कालची घाण धुऊन काढत होते, खुर्च्या उलट्या टाकलेल्या, आणि समोरच्या दुकानात तो चड्ड्या घातलेला पुतळा पुसायला बाहेर काढला होता. पुतळ्याला वळसा घालून एक निळ्या फुलांच्या झग्यातली बाई माझ्या दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत उशी.

"नोप तुम्हीच ना?" म्हणाली. "छत्री धरली होतीत."

म्हटलं, बसा. पाणी दिलं. तिने उशी मशीनवर ठेवली. एका बाजूची शिवण उसवलेली होती.

तर, भन्ते, त्या उशीवर तू एक रात्रही झोपला नाहीस. महास्थविर म्हणाले रेशमी आहे, भिक्षूला चालत नाही, आणि संध्याकाळीच ती तुझ्या आईकडे परत गेली. आईने ती विलैबाईंना दिली, वर्षावास संपला की लग्नाच्या बिछान्यावर घालायला. आणि मी इकडे तुझ्या मानेची काळजी करत होतो. बाईंनी ती धुवायला उसवली, तर आत अस्तराला पट्टी. पट्टीवर माझ्या हातचं: खामपन. कळवावे: नोप, शिंप्याचं दुकान, सिलोम.

मी मुद्दाम लावली नव्हती, शपथेवर सांगतो. सवय. तुला माहीत आहे, माझ्या हातून पट्टीशिवाय कपडा बाहेर जात नाही. बाईंना माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. तीस वर्षांपूर्वी, एड्सच्या त्या दिवसांत, इथल्या बारमध्ये नाचणारी दाओ नाच संपवून येताच स्टेजमागे कोसळली. इस्पितळात कुणाला तिचं खरं नाव सांगता आलं नाही. चार दिवस ती बेवारस म्हणून पडून होती आणि बेवारस म्हणूनच गेली. तेव्हापासून नोईताईने नियम घातला, की प्रत्येक पोशाखाच्या आत दोन नावं शिवायची. एक घालणाऱ्याचं, एक कुणाला कळवायचं त्याचं. टिकल्यांचा झगा असो नाहीतर पिसांचा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला काही झालं तर कळवायचं ते तुम्हाला."

"हो."

"किती वर्षं?"

"सतरा."

"आम्हाला सांगितलेलं, हॉटेलच्या धोबीखात्यात आहे." खुंटीवरच्या पिसांच्या झग्याची आतली पट्टी त्यांनी उलटून वाचली. मग म्हणाल्या, "तो राहायचा ती जागा दाखवा मला. सगळी. मी माझ्या पैशाने तिकीट काढून आलेय."

काय दाखवू? दाखवलं. तू ज्या दारावर उभा राहायचास ते दार. तू ज्याच्याकडे तळलेले केळ्याचे काप घ्यायचास तो गाडा. मसाजवाल्या बायका ओट्यावर बसून पपईची चटणी खात होत्या, त्यांनी बाईंना घास दिला, आणि बाईंनी तुमच्या गावच्या बोलीत "आंबवलेली मासळी कमी पडलीय" म्हटल्याबरोबर त्या सगळ्या तुमच्याकडच्याच निघाल्या. मी मेला शहरातला, बाजूला उभा. तोंगच्या दुकानात बाईंनी एक लाल विग घालून पाहिला, हसल्या नाहीत, नीट काढून ठेवला. पुढच्या चपलांच्या दुकानात मात्र थबकल्या. स्टेजवर नाचणाऱ्यांसाठी असतात त्या, सगळे मोठे नंबर. बाई म्हणाल्या, "बेचाळीस आहे?" दुकानदाराने चार जोड काढले. "आयुष्यभर पुरुषांच्या चपला घालतेय," मला म्हणाल्या. "शाळेत मुली मागून 'हत्तीण आली' म्हणतात." एक चंदेरी जोड घेतली आणि तिथूनच पायात घालून निघाल्या. ताठ चालत होत्या. मला त्यांचा राग करायचा होता आणि तो जमेना. त्याचाच मला भारी राग आला.

आणि मग नोईताईची पेज. तिथे जायचं नव्हतं मला. पण बाई म्हणाल्या भूक लागलीय, आणि नोईताईने लांबूनच हाक मारली.

फ्रेम समोरच. झेंडूचा हार ताजा. बाईंनी फोटो पाहिला. माझ्या छातीशी उशी, आणि तीच उशी त्यांच्या पिशवीत. नोईताईने पेज, खारवलेलं अंडं आणि लसणीत परतलेली नाळीची भाजी मांडली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठून आलात बाई?"

बाईंनी तुझ्या गावाचं नाव सांगितलं. दुकानातल्या माना आमच्याकडे वळल्या. मी अंड्याकडे बघत होतो.

"अगं बाई, मग आमच्या सूनबाईला पाहिलं असेल तुम्ही. उशी धरलेली."

मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. बाईंनी चमचा खाली ठेवला. पाण्याचा घोट घेतला.

"पाहिलं ना," म्हणाल्या. "तिन्ही फेऱ्या. उशी जरासुद्धा खाली नाही जाऊ दिली त्यांनी."

"आणि पाऊस?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्या फेरीला," बाई म्हणाल्या. "सदऱ्यात घेतली." हे मी त्यांना रस्त्यात, बोलता बोलता, लाजेने सांगून टाकलं होतं.

नंतर दिवे लागले, खुर्च्या भरल्या, गाणी सुरू झाली. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. म्हणाल्या, "लग्न नोव्हेंबरात आहे. माझं वय अडतीस. मला कुणी फसवलं नाही असं म्हणायची सोय आहे, कारण मी कुणाला काही विचारलंच नाही." मग उशीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही काय करणार?"

मी म्हटलं, त्याला विचारतो.

तर विचारतोय. तुझ्या चीवराचा मान ठेवून, हात जोडून विचारतोय. वर्षावास संपल्यावर तू कुठे येणार आहेस? उशी माझ्याकडे आहे.

नोप


३० सप्टेंबर

तुझं पत्र मिळालं. अडीच महिन्यांत पाच ओळी.

उत्तर सवडीने देतो. काम आहे. पलंगाची चादर आणि पडदे धुवायला काढलेत.

नोप


९ ऑक्टोबर

खामपन,

वर्षावास संपून दोन दिवस झाले. चीवर तू रविवारी उतरवणार असं तुझ्या पत्रात होतं, त्याआधी हे पोचावं म्हणून बसवाल्याच्या हाती देतोय. पत्रासोबत एक पुडकं आहे.

तुझ्या पाच ओळी मला पाठ झाल्यात. आई म्हातारी आहे. लग्न नावापुरतं. विलै समजूतदार आहे. तू तर सिलोमला आहेसच. महिन्यातून एकदा येत जाईन.

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी मनातून हो म्हटलं होतं. पडदे त्यासाठीच धुतले. महिन्यातून एकदा म्हणजे वर्षातून बारा वेळा, असा हिशेब घातला, आणि मला ते पुष्कळ वाटलं. तुला जे आवडतं ते कुठल्या दुकानात मिळतं हे सगळं डोक्यात मांडून झालं होतं. इतका मी हलका झालो होतो. नोईताईला सांगितलं तर ती भांडी घासत म्हणाली, "ये म्हणावं. दार उघडं ठेव, आणि तुझी अब्रू बाहेर पायपुसण्यावर ठेव, म्हणजे त्याला पाय पुसता येतील."

मी चिडलो. म्हटलं, तुला काय कळतंय, तुझ्या भिंतीवर तर माझा फोटो आहे उशी धरलेला.

तेव्हा ती म्हणाली, "नोप, त्याच्या पुतणीने मिरवणुकीचे फोटो त्याच दिवशी टाकले होते. अख्ख्या गल्लीने पाहिले. छत्री छान धरली होतीस."

म्हणजे वाट्या वाजवणारे सगळे, पावसाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावणारे सगळे. तीन महिने. तुला कळतंय का हे? तुझ्या गावात तुझ्या सख्ख्या आईने माझ्या हातातून उशी काढून घेतली, आणि इथे या चावट, भांडखोर, एकमेकींचे विग चोरणाऱ्या लोकांनी ती मला रोज परत दिली, एकही दिवस न चुकता. विलैबाईंनाही नोईताईने फोटोवरून ओळखलं होतं. मुद्दाम विचारलं म्हणे, बाई कशी आहे ते बघायला.

बाई कशी आहे ते सांगतो. परवा तिचं टपाल आलं. कापड आणि मापं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पोलकं शिवून हवंय, चंदेरी चपलांवर जाईल असं. खाली लिहिलेलं, "खामपनच्या आईला मी नाही म्हणून सांगितलंय. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, उशी जड होती." मी बेतलं, शिवलं. शेवटी पट्टी लावायला घेतली, तर दुसरं नाव काय घालायचं? फोन करून विचारलं. म्हटलं, बाई, आमच्याकडे असा नियम आहे, तुम्हाला काही झालं तर कुणाला कळवायचं?

पट्टी केवढी असते, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ आहे, पण तो येणार नाही. तुमचंच घाला."

विलै. कळवावे: नोप. मी ते हाताने शिवलं, बारीक टाक्यांनी. शिवताना लक्षात आलं, की तुझ्या पाच ओळींत हे कुठेच नाही. तू आजारी पडलास, रस्त्यात पडलास, मेलास, तर तू महिन्यातून एकदा येतोस त्या घरी कोण कळवतं? मला आठवड्याने केळ्याच्या गाड्यावर कळलं असतं. आणि मी पडलो तर तू गावी बायकोकडे असणार, फोन उचलणार नाहीस. दाओसारखं मरण तू मला नीट विचार करून, प्रेमाने देऊ केलं होतंस.

मला तुझा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. भिक्षूवर राग धरला तर पाप लागतं, म्हणून रविवारपर्यंत थांबणार होतो, पण तेवढा धीर नाही. लागू दे पाप.

पुडक्यात उशी आहे. रेशमी अभ्रा काढून साधा सुती घातलाय, आता विहारातही चालेल, घरीही चालेल. कापूस तोच आहे, आपल्या दोघांचा. तो वेगळा करायचा म्हटलं तरी करता येत नाही. पट्टीवरचं माझं नाव ब्लेडने उसवलंय. 'कळवावे' तसंच ठेवलंय आणि पुढची जागा रिकामी. सुई-दोरा आतच टोचून ठेवलाय. कुणाचं नाव घालायचं ते तुझं तू शिव.

नोप